एकच स्क्रिप्ट, पाच यंत्रणा : प्रगती नोंद

ठाणे खाडीवरच्या रोहित पक्ष्यांच्या फोटोंना तारखेप्रमाणे नावं देणारी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) आता उबुंटू, मॅक, विंडोजवरचं गिट बॅश (बॅश हा आज्ञा चालवणारा शेल), डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच चालणारं लिनक्स) आणि अँड्रॉइड फोनवरचं टर्मक्स हे टर्मिनल अशा पाचही ठिकाणी चालते. ऐरोलीपासून वाशीपर्यंत आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी यंत्र वेगळं, त्यामुळे नाव बदलण्याच्या कामापेक्षा ‘आपण कुठे चालतोय’ हे ओळखण्यातच जास्त ओळी खर्च झाल्या.

सुरुवात ‘यूनेम -एस’ने, म्हणजे यंत्रणेचं नाव सांगणाऱ्या आज्ञेने. ‘ओएसटाइप’ हे चल हाताशी असतं, पण ते बॅश आणि झेडशेल हे शेल भरतात. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा शेल. तिथे ते रिकामंच मिळतं. यूनेम सगळीकडे आहे. मॅकवर ते ‘डार्विन’ सांगतं, गिट बॅशमध्ये ‘मिंगडब्ल्यू६४_एनटी-१०.०’ आणि त्यापुढे बिल्ड क्रमांक. म्हणून ‘केस’मध्ये (उत्तर पाहून शाखा निवडणाऱ्या रचनेत) पूर्ण नाव जुळवायचं नाही, सुरुवातीची अक्षरं आणि पुढे तारा (*), म्हणजे ‘पुढे काहीही’. नुसता ‘विन’ शोधून विंडोज ठरवलं तर मॅकही त्यात सापडतो, कारण ‘डार्विन’च्या पोटातही ‘विन’ आहे. पायथनमध्ये लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण येते. शिवाय तिथे यंत्रणेचं नाव देणारं ‘सिस.प्लॅटफॉर्म’ ६४ बिटच्या विंडोजवरही ‘विन३२’च सांगतं.

‘लिनक्स’ असं उत्तर आलं तरी काम संपत नाही. टर्मक्सही लिनक्सच सांगतं. ‘यूनेम -ओ’ विचारल्यावर ‘अँड्रॉइड’ येतं. हा पर्याय जुन्या मॅकवर नाही, म्हणून लिनक्स पक्कं झाल्यावरच विचारायचा. डब्ल्यूएसएलसाठी ‘/प्रॉक/व्हर्जन’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ शोधतो. पहिल्या आवृत्तीत त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं आहे, दुसरीत लहान, तेव्हा शोधणाऱ्या ग्रेप आज्ञेला लहान-मोठा भेद न मानणारा ‘-आय’ हवाच.

लिनक्सच्या वितरणाचं (उबुंटू, डेबियन, अल्पाइन वगैरे) नाव फक्त एक्झिफटूल हे फोटोतली तारीख वाचणारं अवजार बसवण्यापुरतं लागतं. डेबियन घराण्यात त्या पॅकेजचं नाव ‘लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल’, अल्पाइनवर आणि मॅकच्या होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या साधनात सरळ ‘एक्झिफटूल’. ‘/ईटीसी/ओएस-रिलीज’ ही वितरणाची माहिती असलेली फाइल वाचायची, पण सबशेलमध्ये (वेगळ्या उपशेलमध्ये). नाहीतर तिच्यातली ‘नेम’ आणि ‘व्हर्जन’ ही चलं स्क्रिप्टमधल्या त्याच नावांवर चढून बसतात. आधी ‘आयडी’ (वितरणाचं छोटं नाव) पाहायचा, तो ओळखीचा नसेल तर ‘आयडी_लाइक’ (ते ज्याच्यासारखं आहे त्या वितरणांची नावं). त्यात एकापेक्षा जास्त नावं असू शकतात. वितरण सांगणाऱ्या ‘एलएसबी_रिलीज’ आज्ञेवर भरवसा ठेवू नका, कंटेनरमध्ये ती बहुधा नसते.

खरी गुंतागुंत ‘स्टॅट’ या फाइलची माहिती देणाऱ्या आज्ञेपाशी झाली. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख पुसली गेलेली असते, मग फाइलची वेळ घ्यावी लागते. ग्नू (लिनक्सवर सहसा असणाऱ्या) स्टॅटला ‘-सी %वाय’ (वाय मोठ्या लिपीतला), मॅकच्या स्टॅटला ‘-एफ %एम’. ‘डार्विन असेल तर दुसरा’ ही अट वरवर बरोबर वाटते, पण मॅकवर होमब्रूची ग्नू अवजारं ‘पाथ’मध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पुढे ठेवली असतील तर ती कोसळते. त्यामुळे इथे यंत्रणेला विचारणंच बंद केलं. ‘-सी’ चालवून बघायचा, जमलं नाही तर ‘-एफ’. हा क्रम उलटा करू नका. ग्नू स्टॅटमध्ये ‘-एफ’ म्हणजे फाइलप्रणालीची माहिती: तो ‘%एम’ला फाइलचं नाव समजून चूक दाखवतो, पण खऱ्या फाइलबद्दल भलताच मजकूर छापून जातो आणि तो तारखेच्या चलात शिरतो. मॅकचा स्टॅट मात्र ‘-सी’ दिसताच चूक फक्त त्रुटीप्रवाहात दाखवून नापास होतो, चलात काही शिरत नाही. जी शाखा निवडली जाईल तीच पुढे सेकंदांची तारीख करणाऱ्या ‘डेट’लाही लागू: ग्नूला ‘-डी @सेकंद’, मॅकला ‘-आर सेकंद’.

काहीच जुळलं नाही तर आधी स्क्रिप्ट लिनक्स धरून पुढे जायची. आता ती यूनेमचं उत्तर त्रुटीप्रवाहात छापून १ या कोडने थांबते. फ्रीबीएसडी या आणखी एका यंत्रणेची ओळ ‘केस’मध्ये टाकून ठेवली आहे, चाचणी बाकी. कोणाकडे तसं यंत्र असेल तर आधी फोटोंच्या प्रतीवर चालवावं, मूळ फोल्डरवर नको.