घाण झालीस म्हणावं

काकी काल धाकटीला म्हणाल्या, “घाण पोरगी.” चिखलातनं आली होती, पाय घोट्यापर्यंत माखलेले. पाय अर्ध्या बादलीत निघाले. शब्द काही निघेना, रात्रभर कानात बसलाय.

“घाण झालीस” म्हणाल्या असत्या तर काही वाटलं नसतं.

मुळात शब्दात वाईट काहीच नव्हतं. संस्कृतातलं ‘घ्राण’ म्हणजे वास, किंवा वास घेणारं नाक. प्राकृतात त्याचं ‘घाण’ झालं. शाळेच्या पुस्तकात नाकाला अजून घ्राणेंद्रिय म्हणतात, आणि ते मोगऱ्याचाही वास घेतं. मराठीत येता येता मोगरा गळून पडला. ‘वास’चंही तेच चाललंय. दुधाला वास येतोय म्हटलं की पातेलं मोरीकडेच जातं. टणटणीला घाणेरी म्हणतात ते पान चुरगळल्यावर जे नाकात जातं त्यावरून. एकाच गुच्छात दोन-तीन रंगांची फुलं असतात, पण नावात त्यांना जागा नाही.

घाण येते, सुटते, साचते. माणूस ती करतो, टाकतो, काढतो, उपसतो. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कुजलं की घाण मारते. या सगळ्या बोलण्यात घाण वेगळी आणि ज्याला लागली तो वेगळा. काढता येते, कारण ती बाहेरची. नामाच्या आधी नुसती ठेवली की मात्र बिनसतं. ‘घाणेरडा’ निदान माणसाप्रमाणे बदलतो: घाणेरडा, घाणेरडी, घाणेरडं. ‘घाण’ बदलत नाही. घाण पोरगा, घाण पोरगी, घाण पोरं. जिथं ठेवाल तिथं तशीच चिकटते.

आणि चिकटते तीही सारखी नाही. घाणेरडा माणूस म्हटलं तर आंघोळ न करणारा असेल, पैसे बुडवणारा असेल, विचारावं लागतं. घाणेरडी बाई म्हटलं की कुणी विचारत नाही. सगळ्यांना कळलेलं असतं, आणि त्यात साबणाचा संबंध नसतो. धाकटी आठ वर्षांची आहे. पुढचं लिहवत नाही.

विटाळ हा तर आणखी वेगळा शब्द. त्याला वास नाही, डाग नाही. घाण पाण्यानं जाते, विटाळाला दिवस मोजावे लागतात. बाईचे चार, सुतकाचे दहा. काही माणसांचा तर जन्मभर मोजला. 1919 साली शाहू महाराजांनी पाणवठे, शाळा, दवाखाने इथं शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम काढले, ते याच गावात. हुकमानं विहीर मोकळी होते. जीभ कशानं होते?

काकींचा राग येत होता. आता तितका नाही. त्यांनाही लहानपणी कुणीतरी... राहू दे.

सकाळपासून गुऱ्हाळ डोळ्यापुढं येतंय. तिथं मळ हा रोजच्या कामातला शब्द आहे. काहिलीत रस तापत आला की भेंडीच्या झाडाचं चेचून काढलेलं चिकट पाणी घालतात. मळ त्याला धरून वर येतो, तीच मळी. उकळी फुटायच्या आत ती झाऱ्यानं काढायची. जाळ घाईनं वाढवला तर ती फुटून रसातच मिसळते, मग गूळ काळपट होतो आणि पावसाळ्यात पाझरतो. मळी एका दमात निघत नाही, परत परत काढावी लागते. पण मळी आली म्हणून रसाला कुणी घाण म्हणत नाही. सगळ्याच रसाला येते.

काकींच्या वयाला आता कोण समजावणार, आणि धाकटी पावसात जायची थांबणार नाही. आजही तशीच येईल. दारात बादली भरून ठेवलीय. काकींच्या आधी मीच म्हणेन, “घाण झालीस की गं, ये, पाय धू.”