ग्रीनवुडचा फोटो

लेक हिस्टरीचा होमवर्क करत बसलेली, समोर ओक्लाहोमातल्या टल्साच्या ग्रीनवुडचा, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीचा, १९२१ चा फोटो, जळून नुसत्या भिंती उरलेल्या. शेजारच्या कृष्णवर्णीय आजी डबा परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी चष्मा सारखा करून फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मी टल्सातच शिकले गं, पण एकाही टीचरनी हे कधी सांगितलं नाही."

गोऱ्यांच्या जमावानं पस्तीसेक ब्लॉक जाळले, किती माणसं मारली, आणि त्याच गावच्या पोरांना पत्ता नाही! फार लागलं मला ते.

आमच्या फिलाडेल्फियात २००५ साली पब्लिक हायस्कूलला आफ्रिकन-अमेरिकन इतिहास सक्तीचा केला, म्हणून लेकीला निदान कळतंय तरी. आणि फ्लोरिडानं २०२३ मध्ये याच विषयाचा एपी (हायस्कूलमध्येच घेतला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) कोर्स नाकारला.

टेक्सास, जॉर्जियातल्या आपल्या लोकांनो, तुमच्या मुलांना शाळेत यातलं काय शिकवतात?