बाळंतपणाची बॅग, तीही गोव्याच्या पावसात

माझी डिलिव्हरी जुलैत झाली, फोंड्यात, आणि तेव्हा आठ दिवस कपडे वाळत नव्हते, म्हणून सांगते, पावसाळ्यातली तारीख असेल तर गाऊन दोन नाही, चार घ्या. ३६व्या आठवड्यापर्यंत बॅग भरून दाराशी ठेवा.

गाऊन पुढून बटणांचे, सुती आणि गडद रंगाचे हवेत, कारण बाळाला पाजायचं असतं आणि डाग पडतातच. रक्तस्राव ४ ते ६ आठवडे चालू शकतो हे मला आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं, मी नेहमीचे पातळ पॅड घेऊन गेले आणि पहिल्याच रात्री ह्यांना मेडिकलमध्ये पळावं लागलं. मॅटर्निटी पॅडची २ पाकिटं तरी ठेवाच. टॅम्पॉन, पाळीचा कप सहा आठवडे तरी अजिबात नको. आणि तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर लाजू नका, लगेच नर्सला सांगा!

सिझेरियन झालं तर निकर कमरेच्या वरपर्यंत येणारी, इलास्टिक टाक्यांवर घासलं की जीव जातो हो. ब्रा तारेची नको, एक साईज मोठी, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं की छाती घट्ट होते.

आधार कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) एका प्लॅस्टिकच्या फाईलीत. बाळाला टोपी, लंगोट भरपूर. आईने थर्मासमधून पेज आणलेली, तिच्यासारखं त्या दिवशी दुसरं काहीच लागलं नाही.