सोलरची वीज घटते तेव्हा आधी काय पाहावे

नागपुरात मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असते, त्यामुळे सोलरची वीजही तेव्हाच सर्वाधिक मिळायला हवी, असे बहुतेकांना वाटते, आणि तसे झाले नाही की पॅनेल खराब निघाले असे ठरवून लोक मोकळे होतात. माझ्या मते ही घाई नुकसानीची आहे. उत्पादन घटण्याची काही कारणे तात्पुरती असतात, काही आपल्या हाताने दूर होतात आणि फारच थोडी कायमची असतात. त्यांची गल्लत झाली की खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

मे महिन्यातील घट पहिल्या प्रकारची आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता सेलचे, म्हणजे पॅनेलमधील वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे, तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, हवाच ४५ अंशांवर गेली की गच्चीवरच्या पॅनेलमधील सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतात, आणि सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता प्रत्येक वाढत्या अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे भर दुपारी सुमारे १५ टक्के वीज निव्वळ तापण्यामुळे जाते, आणि पॅनेल थंड झाले की क्षमता पूर्ववत होते. यावर उपाय एवढाच, की बसवतानाच पॅनेलखालून वारा खेळेल इतकी उंची ठेवावी. टिनाच्या पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेल अधिक तापतात. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरही पश्चिमेच्या उन्हात टांगू नये, कारण फार तापल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी करतो.

दुसरे कारण धूळ. आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत पॅनेल धुवून निघतील असा पाऊस क्वचितच होतो, सिमेंट रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ सतत उडत असते, आणि औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये त्यात बारीक राखही मिसळते. मात्र सगळ्या काचेवर पसरलेल्या पातळ थरापेक्षा पॅनेलच्या खालच्या कडेला साचणारी पट्टी जास्त घातक असते. हिवाळ्यात रात्री पडलेले दव धूळ घेऊन खाली ओघळते, ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या काठाशी अडते आणि उन्हात वाळून बोटभर रुंदीचा घट्ट चिखल होतो. लांबून पॅनेल स्वच्छच दिसते, पण खालच्या रांगेतले सेल झाकले गेलेले असतात. आणि पॅनेलमधील सेल बहुधा तीन गटांत, एकामागे एक जोडलेले असल्यामुळे झाकलेला एक सेल आपल्या संपूर्ण गटाचा प्रवाह अडवतो. लांब बाजू वर-खाली ठेवून बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये खालची रांग तिन्ही गटांत मोडते, त्यामुळे एवढ्याशा पट्टीने सगळे पॅनेल मंदावते.

धुण्याची वेळ पहाटेची, काच थंड असतानाची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात, म्हणून असे पाणी वापरलेच तर लगेच रबरी वायपरने निपटून काढावे. कपड्यांची पावडर आणि तारेची घासणी वर्ज्य. पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नये: काच शाबूत राहते, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या वर्षानुवर्षे वाढत जातात. जोरदार गारपिटीनेही हेच होऊ शकते.

सावलीनेही सेल असेच झाकले जातात. तिची पारख डिसेंबरमध्ये करावी. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली जवळजवळ दिसतच नाही. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवरच राहतो आणि टाकी जेवढी उंच, जवळपास तेवढीच लांब सावली उत्तरेला पडते.

आता कायमच्या घटीविषयी. सिलिकॉनच्या अनेक पॅनेलची क्षमता ऊन लागल्यावर सुरुवातीच्याच काळात १ ते ३ टक्क्यांनी उतरते, आणि त्यानंतर चांगल्या पॅनेलमध्ये ही झीज वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण टक्का एवढीच असते. रोज तापणे आणि रात्री निवणे यामुळे सेलना जोडणाऱ्या पट्ट्यांचे डाख थकतात. सेलवरचा प्लॅस्टिकचा थर अतिनील किरणांनी पिवळा पडतो. पॅनेलच्या मागचे प्लॅस्टिकचे आवरण तडकले की पावसाळ्यातली ओल आत शिरून धातू गंजवते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी पॅनेलच्या मागच्या बाजूला वाकून पाहावे. तपकिरी डाग, फुगवटा किंवा जळकट खूण तिथे आधी दिसते.

या हिशेबाने एका वर्षात वीज १५-२० टक्क्यांनी घटली असेल, तर ते वय नव्हे. सैल कनेक्टर, पॅनेलची बंद पडलेली एखादी रांग, इन्व्हर्टरमधील बिघाड किंवा शेजारी नवीन चढलेला मजला, यांपैकी काहीतरी शोधायला हवे. हे महावितरणच्या बिलावरून कळत नाही, कारण त्यासाठीचे नेट मीटर फक्त महावितरणकडून घेतलेले आणि महावितरणला दिलेले (निर्यात) युनिट दाखवते. दिवसा घरातच वापरली गेलेली सोलरची वीज त्यात येत नाही, आणि कूलर-एसी सुरू झाले की निर्यात तशीच कमी होते. इन्व्हर्टरवरचे एकूण उत्पादन दर महिन्याच्या १ तारखेला वहीत लिहावे आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे. ३ किलोवॅटच्या संचाकडून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे १२ युनिटची अपेक्षा ठेवता येते.

वॉरंटी दोन असतात: पॅनेलमधील दोषांची वेगळी आणि क्षमतेची, बहुधा २५ वर्षांची, वेगळी. क्षमतेची वॉरंटी २५ अंशांवरच्या मापाने ठरते, म्हणून मे महिन्यातील आकडे दाखवून दावा टिकत नाही. पॅनेल धुऊन, सावली आणि जोडण्या तपासूनही घट उरत असेल, तर प्रत्येक पॅनेलची स्वतंत्र चाचणी करून मागावी. त्यासाठी मूळ बिल आणि प्रत्येक पॅनेलच्या अनुक्रमांकाचा फोटो बसवतानाच जपून ठेवावा, कारण मागच्या बाजूचे लेबल काही वर्षांच्या उन्हापावसात वाचता येत नाही.