'जोर संपला' ते पन्हळ

चौथीच्या गुरुजींनी आम्हाला बलाची व्याख्या शिकवली ती सत्र संपत आल्यावर. पुस्तकात ती धड्याच्या सुरुवातीलाच होती, ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल, आणि आमची पाठही झाली होती. गुरुजींनी ती एकदा म्हणून घेतली, "बरं" म्हणाले आणि वर्ग उठवून शाळेमागच्या आगरात नेला.

तिथे पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद, जाड पानं) पडलेल्या असत. विरीवर एकाला बसवून दुसऱ्याने फरफटत न्यायचं, हे कोकणातल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. गुरुजींनी त्या खेळात फक्त भाताची पोती तोलायचा हुकाचा काटा आणून अडकवला. बसणारा तोच, विरी तीच. आधी शेणाने सारवलेल्या खळ्यातून ओढायचं, मग वाळूतून, मग चिऱ्यांच्या खडबडीत पाखाडीवरून, म्हणजे दगडी वाटेवरून, आणि दर वेळी काटा वाचायचा. सारवलेल्या जमिनीवर काटा सर्वांत कमी दाखवी, हे अपेक्षितच होतं. पण आमच्यातल्याच एकीच्या लक्षात आलं की विरी हलायच्या क्षणी काटा वर उडतो आणि एकदा ती चालू लागली की जरा उतरतो. गुरुजींनी हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी तिलाच पुन्हा ओढायला लावलं, आणि आम्हा सगळ्यांना काट्याभोवती उभं केलं. पावसाच्या तोंडावर खारवी मंडळी, म्हणजे मासेमार, होडी वर ओढतात तेव्हा पहिल्या हिसक्यालाच सगळा दम का लावतात, आणि खाली ओंडके का घालतात, हे त्या दिवशी घरी जाताना आमचं आम्हीच बोललो.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. गुरुजींनी अंगणात गोटी घरंगळत सोडली. ती थांबली. "का थांबली?" सगळ्यांचं एकच उत्तर: "जोर संपला." गुरुजी हसले नाहीत, चूक म्हणाले नाहीत. "संपला, तर गेला कुठे?" एवढंच विचारलं. आता मला कळतं की आमचं उत्तर काही बावळटपणाचं नव्हतं. हलत्या वस्तूला सतत कुणीतरी ढकलावं लागतं, असं ॲरिस्टॉटलही मानत होता आणि पुढे शतकानुशतकं मोठमोठी माणसं मानत आली.

आगराला पाणी न्यायला पोफळीचं खोड उभं चिरून, कोरून केलेल्या पन्हळी होत्या. गुरुजींनी दोन पन्हळी टोकाला टोक लावून मांडल्या, एक उतरती, एक चढती. आतल्या धाग्यांत गोटी अडायची, म्हणून मग सायकलच्या दुकानातून मोठा छर्रा आणला आणि पन्हळ काथ्याने घासघासून गुळगुळीत केली. छर्रा जवळपास सोडलेल्या उंचीइतका चढायचा. दुसरी पन्हळ थोडी खाली केली की तेवढीच उंची गाठायला तो लांब जायचा. आणखी खाली, आणखी लांब. "आता ही पन्हळ अगदी आडवी केली, नि आत काहीच खरखर नसली तर?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग तो थांबेल कशाला?"

गॅलिलिओने उतारावरचे प्रयोग आणि हाच विचार १६३८ सालच्या पुस्तकात मांडला आणि १६८७ मध्ये न्यूटनने त्याला आपला पहिला नियम केलं, हे मी फार नंतर वाचलं. चौथीत आम्हाला नावं कुणी सांगितली नाहीत. सांगितलं ते एवढंच की गती चालू ठेवायला बल लागत नाही, ती बदलायला लागतं. गोटी थांबली कारण तिला जमिनीने थांबवलं. व्याख्या वहीत उतरली ती त्यानंतर.

आज मी स्वतः चौथीला शिकवते. माझी मुलंही दर वर्षी हमखास "जोर संपला" म्हणतात, आणि ते लगेच दुरुस्त करायचा मोह आवरणं हेच मला सर्वांत अवघड जातं. तासिका संपत आलेली असते, अभ्यासक्रम पुढे सरकायचा असतो. गुरुजींनाही तीच घाई असणार, फक्त ती आम्हाला दिसली नाही.

आमच्या त्या शाळेच्या महोत्सवानिमित्त तिथल्या प्रयोगशाळेसाठी वर्गणी जमते आहे, असं कळलं. माझी वर्गणी पाठवते आहेच. शिवाय आमच्या आगरात यंदा दोन पोफळी काढायच्या आहेत. त्यांच्या पन्हळी करून देईन, लांबी किती हवी ते मुख्याध्यापकांनी कळवावं. छर्रे मात्र चिपळूणहून आणावे लागतील.