तुम्ही विचारलंत म्हणून : १०८ आहे, मग तुम्ही कशाला?

निपाणीच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांच्या घरी, सगळीकडं मला एकच विचारतात. "१०८ ची ॲम्ब्युलन्स आहे की आता. मग तुम्ही पोरं रात्री-अपरात्री हायवेला कशाला पळताय? आणि हे सुरू तरी कसं झालं?" अपघातात धावून जाणाऱ्या आमच्या गावच्या पथकाची ही गोष्ट उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवात रस्त्यामुळं झाली. पुणे-बंगळूर हायवे चौपदरी झाला आणि तवंदी घाटाच्या उतारावरून गाड्या सुसाट यायला लागल्या. आमचं गाव त्याच पट्ट्यात. धडाम् आवाज आला की शेतातली माणसं हातातलं खुरपं टाकून धावायची. मदतीला माणूस नाही असं आमच्याकडं कधीच झालं नाही. पण धावून जाऊन करायची काय? जखमीला हातापायाला धरून ओढायचं, तोंडात पाणी ओतायचं, कांदा हुंगवायचा आणि मिळेल त्या वडापच्या, म्हणजे शीटं भरून नेणाऱ्या जीपमध्ये मुटकुळं करून घालायचं. मणक्याला मार असेल, पोटात रक्तस्राव होत असेल, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. जीव तोडून केलेल्या त्या मदतीनंच काही माणसं कायमची अधू झाली असणार, असं मला वाटतं.

गावातल्या तरुण मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत टॉर्च, स्ट्रेचर, कापूस, पट्ट्या घेतल्या. तेवढ्यावरच पथक उभं राहिलं. पुढं १ नोव्हेंबर २००८ ला कर्नाटकात १०८ सुरू झाली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, आता आपलं काम संपलं. मला उलट वाटतं. आमचं खरं काम तिथून सुरू झालं. तोवर आम्ही नुसते उचलून नेणारे होतो. आता ऑक्सिजन आणि शिकलेला माणूस घेऊन गाडी येणार होती, पण ती आधीच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असू शकते, घाटात वाहनांची रांग लागलेली असू शकते. ती येईपर्यंतची मिनिटं कुणाची? त्या जागेपासून जवळ राहणाऱ्याचीच.

मग बेळगावातल्या डॉक्टरांना बोलावून रीतसर शिकलो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून तळव्यानं घट्ट दाबायचं. कापड भिजलं तरी उचलून बघायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवून दाब तसाच धरायचा. माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वासही चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायचं. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे हात भरून येतात, म्हणून दुसरा शेजारी तयारच बसतो. मानेला मार असेल तर एकानं डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, बाकीच्यांनी त्याच्याच मोजणीवर अंग एकसंध कुशीवर वळवायचं. मोजणारा एकच, मग तो मराठीत मोजो की कानडीत. सगळ्यांत अवघड मात्र गर्दी आवरणं. "पाणी द्या की रं त्याला!" म्हणून ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला हात जोडून मागं सारावं लागतं, कारण बेशुद्धाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं.

सीमेवरच्या गावाचं एक वेगळंच असतं. इथून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, कोल्हापूर ४०. जखमी कर्नाटकात पडलेला, जवळचं मोठं सरकारी इस्पितळ महाराष्ट्रात, कोल्हापूरचं सीपीआर. कोगनोळीच्या बाजूला तर मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल आणि १०८ चा फोन कुठं लागेल, याचा नेम नाही. म्हणून फोन करणाऱ्यानं आधी राज्य, तालुका आणि किलोमीटरचा दगड सांगायचा, गावाचं नाव त्यानंतर. हे आम्ही शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ करून घेतलंय.

पोलीस केसची धास्ती फार जुनी. "नाव लिहून दिलं की कोर्टाच्या तारखा लागल्या", असं म्हणून चांगली चांगली माणसं लांब उभी राहायची. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. आम्ही हे मराठी-कानडीत छापून पानपट्टीवर, ढाब्यावर, दूध डेअरीत चिकटवलं. त्यानंतर पुढं येणारे हात वाढले.

बायका पथकात आल्या त्या गरजेपोटी. मोटारसायकलवर मागं बसलेल्या बाईचा पदर चाकात अडकला की ती डोक्यावरच पडते, आणि परक्या बाईला हात लावायला पुरुष कचरतात. बचत गटातल्या दोघी शिकून आल्या, त्यांच्या मागोमाग बाकीच्या. आज डोकं धरायला मला त्यांच्याइतका स्थिर हात दुसरा माहीत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता काही दिवस बंद पडला. तेव्हा अपघात नव्हते, पण डायलिसिसचे पेशंट होते, दिवस भरलेल्या बायका होत्या. आधी कुणाला हलवायचं, यावर भर पावसात वाद झाले. तेव्हापासून मृग लागायच्या आधीच घरोघर फिरून अशा माणसांची यादी करतो. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा चढलं, त्या वेळी ती यादी हाताशी होती.

सध्या मात्र माझा जीव उसाच्या ट्रॉल्यांत अडकलाय. गळीत हंगामात अंधारात उभी असलेली डबल ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही. म्हणून दसरा झाला की आम्ही कारखान्याच्या तळावर जातो आणि ट्रॉल्यांना, ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्यांना मागून रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवतो. चिखल बसला की त्या दिसेनाशा होतात, म्हणून ड्रायव्हरच्या हातात एक फडकंही देतो. यंदा पट्ट्यांचे रोल कमी पडतायत. कुणाला द्यायचे असतील तर दसऱ्याआधी द्या.