बेंड काढलेला हँडलबार

कार्तिकीच्या आधीच्या रविवारी गोव्यात साखळीला एका निवृत्त सरांच्या घरी त्यांच्या टूरिंग मोटरसायकलचं हँडल बदलायला गेलो होतो. माझं गॅरेज डिचोलीला. घरी जाऊन मी सहसा काम करत नाही, पण सरांना ते स्वतःच्या हातांनी करायचं होतं. मी बाजूला उभं राहून सांगायचं असं ठरलं. चोर्ला घाटातून बेळगाव आणि पुढे पंढरपूर असा त्यांचा बेत. तक्रार एवढीच, की हँडलची डावी बाजू जराशी खाली वाटते आणि लांब चालवली की मनगट भरून येतं. नवीन बार त्यांनी कंपनीचाच, त्याच मापाचा आणला होता. बहुतेक लोक दिसायला भारी म्हणून उंच बार मागवतात. मग हँडल पूर्ण वळवलं की पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे ऑइलची नळी, ताणली जाते आणि आमच्यापुढे येऊन 'काहीतरी जमवा' म्हणतात.

बारला मधोमध पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट चारच. वेळ जातो तो बारवर जे जे बसवलेलं असतं ते उतरवण्यात. टाकीवर जाड चादर टाकायची, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो. केबल कुठून कशा गेल्यात त्याचे फोटो आधी काढायचे. मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची डबी असलेला भाग, सुटला की तो उलटा लोंबकळू द्यायचा नाही, होता तसा सरळ बांधून ठेवायचा. नाहीतर लाइनमध्ये हवा शिरते आणि लिव्हर मऊ पडतो. ग्रिप नुसती ओढून येत नाही, खाली साबणाचं पाणी सोडलं की फिरते. स्विचच्या आत एक बारीक खुंटी असते, ती बारच्या भोकात बसते. दुसऱ्या मापाच्या बारला ते भोक जुळलं नाही तर काहीजण खुंटीच घासून टाकतात. मग अ‍ॅक्सिलरेटरचं अख्खं खोकं मुठीबरोबर फिरायला लागतं. असं करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

सरांनी हे सगळं अगदी नीट केलं. बार सुटून हातात आला तेव्हा क्लॅम्पखालच्या खरबरीत पट्ट्यावर मला काळा स्प्रे दिसला. क्लॅम्पच्या आत कंपनी असा स्प्रे मारत नाही. पेट्रोलने पुसलं. खाली रंगाला फुगवटे आलेले, म्हणजे गॅसने तापवलेला. आणि डाव्या बाजूला, क्लॅम्पची कड जिथे संपते तिथेच, केसाएवढी रेघ. नख फिरवलं तर अडकलं.

"सर, गाडी पडली होती का?"

"अरे, मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात केरीच्या पुढे चिखलात घसरली होती. गावातल्याच एका मेकॅनिक पोराने त्याच संध्याकाळी हँडल सरळ करून दिलं."

बेंड काढणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. वाकलेला पोलादी पाइप त्याच जागी उलटा वाकवला की तिथला धातू थकतो. प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक त्याच जागेवर ताण देतो, कारण हँडलवर सगळ्यात जास्त ताण क्लॅम्पच्या कडेलाच येतो. वरून दिसतं ते सरळ हँडल. आत चीर वाढत जाते.

नवीन बार लागला. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आरपीएम, म्हणजे इंजिनचा वेग, चढला नाही, म्हणजे केबल कुठे ओढली जात नव्हती. मॅन्युअल बघून, किती जोराने आवळायचं ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचने बोल्ट आवळले. सर जुना बार अडीअडचणीला ठेवतो म्हणाले. मी ठेवू दिला नाही. असा बार भंगारात अख्खा गेला तरी कुणीतरी उचलून परत लावतो, म्हणून आम्ही कापूनच टाकतो. पण कापण्याआधी व्हाइसमध्ये धरून ओढला. फार जोर न लावता तुटला.

तुटलेलं तोंड मी सरांना उन्हात धरून दाखवलं. गोलाचा जवळपास अर्धा भाग तपकिरी, गंजलेला. उरलेला करडा, चकचकीत. चकचकीत तेवढा आत्ता तुटलेला. गंजलेला कधीच तुटलेला होता आणि पावसाचं पाणी आत जात होतं. त्या उरलेल्या अर्ध्यावर सर चोर्ला उतरणार होते. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे तसाच धरून बघत राहिल्या.

सर मात्र म्हणाले, "त्या पोराला काही बोलू नकोस. गावचा आहे. त्याच्या बापाला मी शिकवलंय."

हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. आपल्याकडे वाईटपणा नको म्हणून माणसं मोडकं वापरतात. मी तो तुकडा घेऊन गेलोच. पोरगा वाईट नाही, हात चांगला आहे त्याचा. तुकडा बघून पहिल्यांदा म्हणाला, "गिऱ्हाईकालाच नवीन नको असतं, गाडी संध्याकाळी हवी असते." तेही खरंच आहे. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आता कुणाकुणाला फोन करू?"

वहीत पैसे लिहिलेले होते, काम काय केलं ते नाही. आठवतील ती नावं आम्ही दोघांनी बसून काढली. साखळी, होंडा गाव आणि वाळपईकडची माणसं निघाली, त्यांना त्याने माझ्यासमोर फोन लावले. सगळ्यात जास्त निघाल्या त्या भाड्याच्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या. त्या किनाऱ्यावर फिरतात, रोज नवा माणूस बसतो, आज पडली की उद्या परत भाड्याला. बसणाऱ्याला कसं कळणार, हातात काय धरलंय ते?

त्या गाड्यांच्या मालकाशी मी स्वतः बोललो. तुकड्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, सीझन संपला की बघू. मी दर आठवड्याला फोन करतोय.